ढकलणाऱ्याची अंकलिपी

प्रस्तावना

ही पुस्तिका खुर्चीत बसणाऱ्यांसाठी नाही. बसायला आम्हाला येतं. शिकवणी लागते ती खुर्चीच्या मागे उभं राहणाऱ्याला. तो बहुधा मुलगा, पुतण्या किंवा जावई असतो, अंगापिंडाने मजबूत असतो, रोज सकाळी जिमला जातो, आणि पहिला उतार आला की हँडल सोडून माझा खांदा धरतो. खांदा धरल्याने खुर्ची थांबत नाही. आपली सुरुवात इथपासून आहे.

क्रूझच्या माहितीपत्रकांत व्हीलचेअरचा उल्लेख असतो. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टायपात, गरोदर प्रवासी आणि धूम्रपान यांच्या मधोमध. बाकीच्या पानांवर सगळी माणसं डेकवर पळत असतात. त्यांच्या धावपळीत जे सांगायचं राहून गेलं ते इथे घेतलं आहे.

माझ्या पायांचं काय झालं ते एकदाच सांगून टाकते, नाहीतर वाचकाचं लक्ष धड्यात लागायचं नाही. लहानपणी पोलिओ, लस आमच्या गावात पोचायच्या आधी तो पोचला. मग कॅलिपर आणि कुबड्या, त्यांच्यावर बँकेतली सगळी नोकरी, आणि निवृत्तीच्या सुमारास खांद्यांनी संप पुकारल्यावर चाकं. यापुढची चौकशी बोटीवरच्या लिफ्टमध्ये अनोळखी मंडळी करतातच. तिथे सविस्तर उत्तरं देईन.

अभ्यासाला सफर घेतली आहे ती सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशी, कारण आपल्याकडच्या पुष्कळांची पहिली क्रूझ तिकडचीच असते. ढकलणारा: माझा भाचा. निरीक्षक: धाकटा भाऊ आणि भावजय. भावजय मला अजून 'वन्सं' म्हणते, त्यावरून आमच्या घराचा अंदाज यावा.

धडा पहिला: टेप

पैसे भरण्याआधी शिवणाच्या डब्यातला टेप काढा आणि खुर्ची मोजा. सीट मोजू नका. सीट अठरा इंची असते आणि सगळे तोच आकडा अभिमानाने सांगतात. एका बाजूच्या चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या बाजूच्या कड्यापर्यंत मोजा. हाताने चालवायच्या साध्या खुर्चीची ही रुंदी पंचवीस इंचांच्या आसपास भरते. बोटीवरच्या नेहमीच्या केबिनीचं दार साधारण तेवीस इंची असतं. या दोन इंचांत आख्खी सहल बुडू शकते.

म्हणून केबिन घ्यायची ती खास व्हीलचेअरसाठी बांधलेली. तिचं दार बत्तीस इंच किंवा जास्त, आत खुर्ची गोल फिरायला पाच फूट मोकळी जागा, न्हाणीघराला उंबरा नाही, शॉवरखाली भिंतीला टेकवलेली घडीची बैठक, आणि धरायला दांडे. दीड-दोन हजार केबिनींच्या जहाजावर अशा केबिनी मोजक्याच असतात आणि त्या लवकर संपतात, कारण ऐसपैस असतात म्हणून चालत्या माणसांचाही त्यांच्यावर डोळा असतो. तेव्हा बुकिंग होईल तितकं आधी करावं.

बुकिंग फोनवर करताना संवाद साधारण असा होतो.

"मॅडम, रूम एकदम प्रशस्त आहे. सी व्ह्यू आहे. टीव्ही मोठा आहे."

"दार किती इंची आहे?"

"दार आहे ना, मॅडम."

इथे नवशिका ढकलणारा फोन हातात घेऊन "ठीक आहे, ठीक आहे, आम्ही करू मॅनेज" म्हणतो. हे वाक्य आजपासून बंद. 'मॅनेज' करताना हात माझ्या काखेत घातले जातात. दाराची रुंदी, न्हाणीघराचा उंबरा आणि पलंगाची उंची या तीन गोष्टी लेखी मागवा. "छोटीशी एकच पायरी आहे" असं उत्तर आलं तर ते 'नाही' असं वाचा.

यानंतर विशेष गरजांचा एक फॉर्म येतो. तो ज्याच्या गरजा आहेत त्यानेच भरावा. आमच्याकडे तो भावाने भरायला घेतला आणि 'चालता येतं का' यासमोर "थोडं थोडं" असं लिहिलं, बहिणीची बाजू पडू नये म्हणून. या मायेपायी बंदरावर पंचाईत झाली असती. मी खोडून "अजिबात नाही" केलं.

धडा दुसरा: खुर्चीचे सुटे आणि न सुटे भाग

हा धडा सर्वांत मोठा आहे. पाठ करावा.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीला लिफ्ट आहे. लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या आहेत. ही रचना करणारा वास्तुविशारद आज असता तर त्याला मी चहाला वर बोलावलं असतं, खुर्चीत बसवून. त्या पाच पायऱ्यांवर रोज कोणी ना कोणी मदतीला धावतं, आणि मदतीला धावलेला माणूस सगळ्यात आधी हात घालतो तो आर्मरेस्टला. आर्मरेस्ट सुटा भाग आहे. तो उपसून त्याच्या हातात येतो, माणूस एक पायरी वर जातो, मी तिथेच असते. दुसरा वाकून फूटरेस्ट धरतो. तोही सुटा. असे चौघे जमले की चौघांच्या हातात चार भाग आणि मधे मी, हे दृश्य आमच्या वॉचमनने इतक्यांदा पाहिलंय की आता तो मोबाइलवरून नजरही वर करत नाही.

न सुटे भाग दोनच लक्षात ठेवा: मागची हँडलं आणि पुढची सांगाड्याची उभी नळी. उचलायचंच झालं तर तिथे. पण मुळात उचलायचं कशाला? खुर्चीच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर, नळीची दोन टोकं बाहेर आलेली असतात. नव्वद टक्के लोकांना ती कशासाठी असतात ते ठाऊक नसतं. काहीजण तिथे पिशवी अडकवतात. त्यांतल्या एकावर पाय दाबा आणि त्याच वेळी हँडलं आपल्याकडे ओढा. पुढची लहान चाकं अलगद वर उचलली जातात. मग खुर्ची तशीच पुढे घ्या, लहान चाकं उंबऱ्यापलीकडे टेकवा, आणि मोठी चाकं मांडीचा जोर लावून वर सारा. मांडीचा, कमरेचा नव्हे. कमरेचा लावलात तर पुढच्या क्रूझला तुमच्यासाठीही हीच केबिन लागेल.

उतरताना उलटं. तीव्र उतारावर ढकलणाऱ्याने पाठमोरं व्हायचं, मोठी चाकं आधी, मान वळवून मागे बघत. पुढे तोंड करून उतरवलंत तर उतार खुर्चीला तुमच्यापेक्षा जास्त ओढतो आणि बसलेला माणूस सुसाट निघतो. लिफ्टमध्येही शक्यतो पाठमोरं शिरावं: लिफ्ट आणि मजला यांच्या मधल्या फटीत लहान चाकं आडवी होऊन अडकतात, मोठी अडकत नाहीत.

हा सराव घरी करायचा. सोसायटीच्या गेटवर, भाजीच्या गाड्यापाशी, चिंचोळ्या फूटपाथवर. भाच्याला मी महिनाभर आधी संध्याकाळी खाली नेत असे. पहिल्या दिवशी त्याने कानात ते बोंडूक घातलेलं होतं. मी हाक मारली. त्याला ऐकू आली नाही. समोर म्हैस होती. दुसऱ्या दिवसापासून बोंडूक घरी.

बरोबर घ्यायचं सामान: हवेचे टायर असतील तर छोटा पंप आणि पंक्चरचं सामान, नट आवळायच्या षटकोनी चाव्या, पावसाचा कोट, आणि आपलं रोजचं गादीचं कुशन. लाडवांचा डबा भावजयीने घेतला तो वेगळा.

धडा तिसरा: विमान

विमान कंपन्यांनी आम्हा लोकांची तीन वर्णांत विभागणी केली आहे. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही तो 'डब्ल्यूसीएचआर'. पायऱ्याही चढता येत नाहीत पण सीटपर्यंत चार पावलं टाकता येतात तो 'डब्ल्यूसीएचएस'. सीटपर्यंत न्यावंच लागतं तो 'डब्ल्यूसीएचसी'. तिकिटावर आपला वर्ण बरोबर नोंदला गेलाय का ते पाहा. पहिल्या वर्णात अलीकडे फार गर्दी झाली आहे. इमिग्रेशनची रांग चुकवायला पुष्कळ लोक त्यात दाखल होतात आणि परदेशी पोचल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळ, खाडकन बरे होतात. दैवी चमत्कार पाहायचे असतील तर कुठल्याही मोठ्या विमानतळावर पहाटे जावं.

आपली खुर्ची चेक-इनला देऊ नका; विमानाच्या दारापर्यंत तिच्यातूनच जायचं आणि तिथे टॅग लावून ताब्यात द्यायची. द्यायच्या आधी कुशन, फूटरेस्ट, जे जे सुटतं ते काढून आत घ्या. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता विमान कंपनीला आधीच कळवा. आतल्या बोळातून एका अरुंद खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून नेतात. या वेळी ढकलणाऱ्याने फोटो काढू नये.

मुंबई-सिंगापूर हा साडेपाच तासांचा प्रवास. एका बोळाच्या विमानातलं स्वच्छतागृह तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळपासून पाणी मोजून पितो. "वन्सं, पाणी प्या, उन्हाळा आहे" असा आग्रह वाटेत करू नये.

धडा चौथा: सिंगापुरात बस

टूरवाल्यांची बस पुष्कळदा वातानुकूलित, काचा मोठ्या, आणि दाराशी चार उंच पायऱ्या. टूर मॅनेजर म्हणाला, "मावशींना हॉटेलवर आराम करू दे, संध्याकाळी भेटूच." मी त्याला आराम करायला सांगितलं आणि आम्ही रस्त्यावर येऊन साधी सरकारी बस पकडली.

बस थांबली. चालक स्वतः खाली उतरला, मधल्या दारापाशी जमिनीवर दुमडलेला रॅम्प हाताने उलगडला, मला आत घेतलं, मागे गादी लावलेल्या जागेत पाठ टेकवून खुर्ची उभी केली, कुठे उतरणार ते विचारलं आणि जाऊन बस सुरू केली. बाकीचे प्रवासी तोवर थांबले होते. कोणी "अरेरे" म्हणालं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिकीट दोन डॉलरच्या आतबाहेर. तिथली सगळी मेट्रो स्थानकंही लिफ्टची आहेत. बोटीच्या धक्क्यापर्यंत, मरीना साउथ पिअरला, आम्ही मेट्रोनेच गेलो.

ढकलणाऱ्यासाठी सूचना: अशा वेळी चालकाचे पाय धरायची गरज नाही. 'थँक यू' पुरे.

धडा पाचवा: कोणाशी बोलायचं

धक्क्यावर बोटीत चढवण्यापुरत्या कंपनीच्या खुर्च्या असतात, पण त्या चढण्या-उतरण्यापुरत्याच. बोटीवर आपली आपल्याजवळ हवी. गँगवेचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. सकाळी सपाट वाटलेला पूल दुपारी घाट होतो. तिथे खलाशी ढकलायला पुढे येतात, त्यांना द्यावं. तुमची मर्दुमकी बुफेपाशी दाखवायला राखून ठेवा.

या धड्याचा खरा विषय वेगळा आहे. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट हातात घेतला, माझ्याकडे पाहून हसली, आणि भाच्याला विचारलं, "यांचं नाव काय?" पहिल्या रात्री वाढपी आला. भावाची ऑर्डर झाली, भावजयीची झाली. मग माझ्या डोक्यावरून भाच्याकडे: "आणि यांना काय आवडेल?"

खुर्चीला चाकं लागली की आवाज जातो अशी जगभर समजूत आहे. नवशिका ढकलणारा इथे हमखास पडतो, कारण त्याला उत्तर माहीत असतं. "त्यांना सूप चालेल, मसाला कमी." बरोबर उत्तर असूनही शून्य गुण. योग्य कृती अशी: मेनूकार्ड उघडावं, त्यात नाक खुपसावं, आणि बहिरं व्हावं. तीन-चार सेकंद अवघड जातात. मग वाढप्याची नजर हळूहळू खाली येते. भाच्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हे इतकं उत्तम जमलं की त्याला खरंच काही विचारलं तरी तो मेनूकार्ड शोधू लागला.

अपवाद एक. आमच्या केबिनीची व्यवस्था बघणारा पोरगा कुडाळकडचा निघाला. पासपोर्टवरचं आडनाव वाचून दारातूनच म्हणाला, "मावशी, ह्या काचेचा टेबल तुमच्या वाटेत येतला. भायर काढू?" केबिनीत पाच फूट मोकळी जागा होती आणि सजावट करणाऱ्याने तिच्या बरोब्बर मधोमध काचेचं टेबल ठेवलं होतं. पोरग्याने ते उचलून नेलं, शॉवरची बैठक उघडून दाबून पाहिली, साबण वरच्या फळीवरून खालच्या दांड्यापाशी आणला, आणि टॉवेल दाराच्या हुकावरून माझ्या हाताच्या उंचीवर. एवढं सगळं न सांगता. त्याच्या घरात कोणीतरी खुर्चीत असणार असं मला वाटलं, विचारलं नाही.

धडा सहावा: लिफ्ट, गालिचा आणि ब्रेक

एकदा आत शिरलं की बोट हा पृथ्वीवरचा सगळ्यात सपाट मुलूख आहे. आमच्या घरातून मंडईत जायला जितके उंबरे लागतात तितके अख्ख्या जहाजावर नाहीत. नाटकगृहात रिकाम्या जागा राखलेल्या, डेकवर जायच्या दारांना आपोआप उघडायची सोय, जिथे उंबरा आहे तिथे रॅम्प. समुद्रावर हे होतं, मग आमच्या पेठेत का होत नाही, हा प्रश्न मी पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवते. त्याला वेगळी पुस्तिका लागेल, आणि वकील.

वैरी दोन. पहिला गालिचा. जाड गालिच्यावर खुर्ची ढकलणं हे भिजलेल्या शेतातून बैलाविना नांगर ओढण्यासारखं आहे. हवा कमी असेल तर दुप्पट. पहिल्या दिवशी टायर दाबून पाहा.

दुसरा लिफ्ट. खेळ सुटला की नऊशे माणसं एकदम जेवायला निघतात. दारं उघडतात: आत चौदा जण, सगळे सडसडीत, सगळ्यांनी पोटं आत घेतलेली, सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आमचा नाइलाज' असा भाव. दारं मिटतात. पुन्हा उघडतात: दुसरे चौदा. यांतले बरेच जण एक मजला चढून उतरतात, जिना शेजारी असूनही. ढकलणाऱ्याने इथे भांडू नये. खालच्या दिशेची लिफ्ट पकडून तळाला जावं आणि तिथून वर यावं. चौथ्या मजल्यावर तीच चौदा माणसं पुन्हा भेटतात. तेव्हा आत तुम्ही असता.

आणि ब्रेक. थांबलात की ब्रेक. फोटो काढताना ब्रेक, कॉफी घेताना ब्रेक, डेकवर कठड्याशी उभे असताना दोन्ही ब्रेक. जहाज डुलतंय हे चालत्या माणसाला पोटात कळतं, आम्हाला चाकांत. बॅटरीची खुर्ची रात्री बोळात उभी करायची नाही. सुटकेची वाट आहे ती.

धडा सातवा: कवायत

'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, समुद्रावरच्या जिवांच्या रक्षणाचा. 'टायटॅनिक' बुडाल्यावर, 1914 मध्ये तो पहिल्यांदा झाला. संकटकाळची कवायत त्यातलीच. पूर्वी ती बोट सुटल्यावर चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालायची. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीजवळ जिल्यो बेटाच्या खडकाला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट घासली, 32 माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला: बोट सुटण्याआधी, किंवा सुटता सुटता. आता तिचा बराचसा भाग मोबाइलवर फिल्म बघून उरकतात आणि मग आपापल्या ठरलेल्या जागी हजेरी लावायची असते.

आमच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची, आणि फिल्ममध्ये ती झटकन निघून जाते. आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नाही. म्हणजे बत्तीस इंची दार आणि सगळा सपाट मुलूख त्या क्षणी संपतो. तेव्हा ढकलणाऱ्याने हजेरीच्या जागी जाऊन अधिकाऱ्याला गाठावं आणि त्याच्या यादीत माझं नाव, केबिन क्रमांक आणि 'जिना अशक्य' अशी नोंद आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. जिन्यावरून उतरवायची एक वेगळी खुर्ची असते. ती कुठे टांगली आहे ते मी विचारलं. अधिकारी घाईत होता. तरी त्याने नेऊन दाखवली, पट्टे कसे बांधतात तेही दाखवलं. भावजय म्हणाली, "कशाला वन्सं, अभद्र बघायचं?" मी पट्ट्यांची बकलं दोनदा उघडून लावून पाहिली. त्या रात्री मला छान झोप लागली, तिला नाही.

धडा आठवा: पेनांग

इथे बोट थेट धक्क्याला लागते, शहराच्या उंबरठ्यावर. स्वेटनहॅम पिअरवरून बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा घड्याळाचा मनोरा, राज्याच्या वर्षाला एक फूट या हिशेबाने साठ फुटी. पुढे जुनं जॉर्जटाउन, 2008 पासून जागतिक वारसा. जुन्या दुकानांपुढे छपराखालून जाणारी पाच फुटी वाट असते, उन्हापावसात चालायला केलेली. सुंदर आहे. दर दुकानाला तिची उंची बदलते आणि मधे मोटारसायकली लावलेल्या असतात. आम्ही सरळ रस्त्यावरून गेलो, गाड्यांबरोबर. पुण्यातल्या सरावाचा इथे उपयोग झाला.

धडा नववा: फुकेत, किंवा ढकलणाऱ्याला सुटी

फुकेतला बोट पातोंगच्या समोर समुद्रात नांगर टाकते आणि लोकांना लहान होड्यांतून, ज्यांना टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर नेतात. टेंडरचं गणित असं: बॅटरीची खुर्ची चालत नाही, हाताची खुर्ची, समुद्र शांत असेल आणि माणसाला दोन-चार पावलं टाकता येत असतील तर, आणि शेवटचा शब्द त्या दिवशी, त्या लाटेला पाहून, बोटीवरच्या अधिकाऱ्याचा. हे बुकिंग करतानाच विचारून ठेवायचं. कुठल्या बंदरात धक्का आणि कुठे टेंडर, यावरून आमची सहल ठरते. जेवणात किती पदार्थ आहेत यावरून नाही.

मला यात नवीन काही नव्हतं. माझं आजोळ हर्णैला. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जायचं. हर्णैला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. लांब उभी राहायची, मग पडाव यायचे, शिडीवरून पडावात, आणि पडाव वाळूच्या अलीकडे पाण्यातच थांबला की खलाशी माणसं खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर ठेवायचे. मला घ्यायचे तसे मामलेदारांनाही घ्यायचे. धोतर सावरत, काठी हातात धरून, खलाशाच्या खांद्यावर बसलेले मामलेदार माझ्या चांगले लक्षात आहेत. मला तिथे कोणी "बिचारी" म्हणत नसे. म्हणायला वेळ कोणाला होता, सगळेच हवेत होते.

फुकेतला अधिकाऱ्याने मान हलवली: नाही. भाचा हिरमुसला आणि "मग मीही थांबतो" म्हणाला. नवशिक्या ढकलणाऱ्याचा हा त्याग बसणाऱ्याच्या छातीवर दिवसभर बसतो. त्याला ताबडतोब होडीत घाला. भाऊ-भावजयीलाही. पैसे द्या, टोपी द्या, संध्याकाळपर्यंत येऊ नका म्हणून सांगा.

दीड हजार माणसं उतरली की जहाज काय होतं ते चालत्यांना कधी कळत नाही. लिफ्ट बोलावली की येते, आत कोणी नसतं. बुफेच्या रांगेत मी आणि दोन जर्मन आज्या. वरच्या डेकवर गालिचा नाही, कठीण लाकडासारखी जमीन आहे. तिथे मी माझी चाकं माझ्या हातांनी फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मधे कोणाच्या टाचा नाहीत.

मग पोहण्याचा तलाव. तिथे एक यंत्र असतं, ते सांगावं लागतं, आपण होऊन कोणी उघडत नाही. तलावाच्या काठावर एक खांब, त्याला आडवा हात, हाताला प्लास्टिकची पांढरी बैठक. तिच्यावर सरकायचं, पट्टा लावायचा, खलाशी कळ दाबतो; बैठक हळूहळू काठावरून आत वळते आणि खाली जाते, गुडघे, कंबर, छाती. पाण्याने वजन घेतलं की पट्टा सोडायचा. तिथे कठड्याला धरून मी उभी राहिले. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. ही माहिती आमच्या घरात कोणालाच नव्हती, मला धरून. तो खलाशी माझ्याहून बुटका होता.

संध्याकाळी मंडळी परतली, उन्हाने लाल होऊन. भावजयीने विचारलं, "कंटाळलात का हो एकट्या?" मी म्हटलं, थोडीशी. सगळंच खरं सांगत बसलं तर पुढच्या वेळी सुटी कशी मिळायची?

धडा दहावा: सूर्यास्त

खुर्ची कठड्याकडे तोंड करून लावा. ब्रेक. कठड्याची आडवी दांडी बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही ना, ते वाकून पाहा; आली तर काचेच्या कठड्यापाशी चला. मग गप्प बसा.

स्वाध्याय

1. रिकाम्या जागा भरा: "एकच ______ आहे हो, उचलू की!"

2. कोण कोणास म्हणाले ते सांगा.
(अ) "यांना गोड चालतं का?"
(आ) "आमच्या आजीलाही असंच झालं होतं. गेली बिचारी."
(इ) "आत्या, तुझ्या मांडीवर ही बॅग ठेवू? आणि ही? आणि आईची पर्स?"

3. कारणे द्या: अपंगांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहाचं दार ठोठावल्यावर आतून रात्रीच्या पार्टीचे कपडे घातलेली बाई बाहेर येते.

4. उदाहरण सोडवा: एका लिफ्टमध्ये चौदा माणसं मावतात. जेवणघर एक मजला वर आहे. जिना लिफ्टपासून सहा पावलांवर आहे. चौदाही जणांची पावलं शाबूत आहेत. तर खुर्चीला किती लिफ्ट सोडाव्या लागतील?

5. प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षार्थीने स्वतः खुर्चीत बसावं. ढकलायला भावजय. मार्ग: केबिनीपासून कॉफीच्या दुकानापर्यंत. वाटेत भावजयीला डोंबिवलीची एक बाई भेटेल, आणि दोघींची माहेरं एकाच तालुक्यातली निघतील. भावजयीने खुर्ची होती तशी सोडावी, तोंड भिंतीकडे, भिंतीवर आग विझवण्याचं नळकांडं. परीक्षार्थीने नळकांड्यावरच्या सूचना वाचाव्यात. वेळ: माहेरच्या गप्पा संपेपर्यंत.